विश्लेषण : केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी नळापर्यंत येताना बिघडते कुठे?

पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला गुलेन बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाच परिसरात वाढले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. त्यानंतर हजारो घरांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : नळाचे पाणी प्यावे का? या प्रश्नाचे उत्तर शुद्धीकरण केंद्रात जेवढे आहे, त्याहून जास्त ते केंद्रापासून आपल्या पेल्यापर्यंतच्या वाटेवर आहे. ही वाट कशी असते, पाणी तिथे कसे बिघडते आणि घरी काय तपासता येते, त्याचा हा आढावा.

पुण्यात नेमके काय घडले होते?

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्यातील रुग्णालयांत जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात त्यांची संख्या लक्षणीय होती. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरे तसेच ग्रामीण भाग मिळून संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांचा मृत्यू झाला, अनेकांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जीवाणू आणि काहींमध्ये नोरोव्हायरस आढळला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात.

बाधित पट्ट्यातील बरीचशी गावे २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. त्यांतील काही भागाला विहिरीतून पाणीपुरवठा होत होता. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली जात होती, पण गाळणी-शुद्धीकरणाची पूर्ण प्रक्रिया होत नव्हती. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण महाराष्ट्राला पाठ आहे. इथे घशाला कोरड नव्हती. पाणी होते, प्रश्न ते पाणी कसे होते हा होता.

दूषित पाणी पोटात गेल्यावर हातपाय लुळे कसे पडतात?

जीबीएस हा संसर्गजन्य आजार नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. कॅम्पिलोबॅक्टरमुळे आधी जुलाब, ताप, पोटदुखी होते. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. मात्र या जीवाणूच्या आवरणावरील काही रेणूंची रचना आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतीजुळती असते. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे काही जणांमध्ये ‘ओळखायला’ चुकतात आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. पायांत मुंग्या, जिना चढताना अशक्तपणा, नंतर हात आणि चेहऱ्याचे स्नायू असा तो वर सरकतो. श्वसनाचे स्नायू दुर्बल झाले तर व्हेंटिलेटर लागतो.

कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या सुमारे एक हजारांपैकी एकाला जीबीएस होतो, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे एका भागात जीबीएसचे रुग्ण दिसू लागले, तर त्यामागे जुलाबाचे कितीतरी रुग्ण नोंदीविना बरे होऊन गेलेले असू शकतात. दुसरी अडचण वेळेची आहे. जुलाबानंतर जीबीएसची लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. आरोग्य पथक पाण्याचा नमुना घ्यायला पोहोचते, तोपर्यंत रुग्णाने प्यायलेले पाणी वाहून गेलेले असते. अर्धकच्च्या चिकनमधूनही हा जीवाणू पोटात जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या आजाराचे मूळ एका नळाशी नेऊन भिडवणे सोपे नसते.

शुद्धीकरण केंद्रात पाण्याचे काय होते?

पुण्याला प्रामुख्याने खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून पाणी मिळते. धरणातील पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी त्यात माती, शेवाळ, सेंद्रिय कण आणि सूक्ष्मजीव असतात. केंद्रात आधी पाण्यात हवा मिसळली जाते. मग तुरटी किंवा तशाच रसायनाची मात्रा देऊन पाणी ढवळतात. बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे बनतात आणि तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. सर्वांत शेवटी क्लोरीन दिला जातो.

हा क्रम महत्त्वाचा आहे. क्लोरीन ही शेवटची पायरी आहे, एकमेव नव्हे. पाणी गढूळ असेल तर सूक्ष्मजीव मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. शिवाय पाण्यातील सेंद्रिय घाण बराचसा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकते. म्हणून न गाळलेल्या पाण्यात पावडर टाकणे आणि पूर्ण शुद्धीकरण करणे यांत मोठा फरक आहे. पावसाळ्यात धरणाचा रंग बदलतो, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. गावागावांत ‘टीसीएल’ म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडरही कायम सारखी राहत नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ऊन आणि ओल लागली की तो घटत जातो. मोजून टाकलेली पावडर जुनी असेल तर वजन बरोबर, पण मात्रा कमी.

पाणी ‘पिण्यायोग्य’ आहे हे कोण ठरवते?

देशात यासाठी भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे मानक आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जीवाणू अजिबात आढळता कामा नये. हा जीवाणू माणसाच्या आणि प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ कुठेतरी विष्ठा पाण्यात मिसळली आहे. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान आणि विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावेत.

मात्र सीलबंद बाटलीतील पाण्याला जसे प्रमाणपत्राचे बंधन राहिले आहे, तसे नळाच्या पाण्याला नाही. सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांसाठी आयएस १०५०० हे ऐच्छिक मानक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने २१ शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले होते, तर दिल्लीचे अकराही नमुने नापास. मुंबईसाठी ही अभिमानाची बाब होती. पण दहा नमुने हे एका दिवसाचे छायाचित्र असते. शहरातील प्रत्येक गल्लीतील रोजच्या पाण्याची ती हमी नव्हे.

मग रोज पाहायचा आकडा कोणता?

उरलेला क्लोरीन. तांत्रिक भाषेत ‘मुक्त अवशिष्ट क्लोरीन’. केंद्रात दिलेल्या क्लोरीनपैकी काही भाग जंतू मारण्यात आणि घाणीशी झुंजण्यात खर्च होतो. जो उरतो, तो पाण्यासोबत पाइपातून प्रवास करतो आणि वाटेत थोडीफार घाण शिरलीच तर तिचा बंदोबस्त करतो. मानकानुसार ग्राहकाच्या नळाला तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असायला हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे? एक हजार लिटरच्या टाकीत ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे एकूण ०.२ ग्रॅम क्लोरीन. चिमूटभर मिठापेक्षाही कमी. पण तो आहे की नाही यावर बरेच काही अवलंबून असते.

या आकड्याचे मोठेपण त्याच्या वेगात आहे. जीवाणूंची चाचणी प्रयोगशाळेत करायची तर नमुना उबवावा लागतो, अहवालाला एक ते दोन दिवस लागतात. तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेले असते. क्लोरीनची तपासणी मात्र जागेवर, मिनिटभरात होते. नळाला क्लोरीन शून्य आला, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो पुरेसा टाकलेला नाही, किंवा वाटेत कशाने तरी संपवला आहे. दोन्ही वेळा अहवालाची वाट न पाहता हालचाल करायला हवी.

शुद्ध पाणी वाटेत बिघडते कसे?

पाइप पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असेल, तर त्याला बारीक भोक असले तरी पाणी आतून बाहेर जाते. बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. गळती होते, पाणी वाया जाते, पण ते दूषित होत नाही. म्हणजे दाब हाच पाण्याचा पहिला पहारेकरी आहे.

आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की खालच्या भागातील नळ पाइपातले उरलेले पाणी ओढून घेतात आणि पाइप रिकामा होतो. आत पोकळी तयार होते. आता त्याच भोकातून उलटा प्रवास सुरू होतो. भोवतालच्या ओल्या मातीतील, शेजारच्या फुटक्या ड्रेनेजमधील किंवा गटारातील पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते, तेव्हा ही घाण सर्वांत आधी नळाला येते. सकाळचे पहिले पाणी काही मिनिटे गढूळ किंवा वासाचे असते, त्याचे हे एक कारण. कितीतरी घरांत पहिली बादली ओतून देण्याची जुनी सवय आहे. त्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे.

यात आणखी एक भर घरोघरी पडते. पाणी कमी दाबाने येते म्हणून अनेक जण नळाच्या जोडणीला थेट मोटर लावतात. मोटर पाणी ओढते, तसा पाइपातील दाब आणखी खाली जातो. शेजाऱ्याचे पाणी कमी होते हे सगळ्यांना दिसते. पण त्याच ओढीने भेगांतून घाणही आत येऊ शकते, हे दिसत नाही. ती घाण मोटर लावणाऱ्याच्याच टाकीत आधी पोहोचण्याची शक्यता असते.

क्लोरीन असूनही साथ येऊ शकते का?

येऊ शकते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत हेच घडले. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले. कर्मचाऱ्यांच्या लक्षात हे आले, क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. त्यामुळे विषमज्वर, आमांश यांसारखे जीवाणूजन्य आजार फारसे वाढले नाहीत. पण काही आठवड्यांनी काविळीची प्रचंड साथ आली. काविळीच्या रुग्णांची संख्या २९ हजारांवर गेली. कितीतरी वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या अभ्यासातून ती ‘हेपटायटिस ई’ विषाणूची साथ होती हे स्पष्ट झाले.

या घटनेचा धडा असा, की सांडपाणी स्रोतात मिसळल्यावर क्लोरीन वाढवणे पुरेसे ठरत नाही. जीवाणू मरतात त्या मात्रेला काही विषाणू टिकू शकतात. ई. कोलायची चाचणी निर्दोष आली म्हणून विषाणू नाहीतच, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ अनुभवली आहे. म्हणून सांडपाणी पाण्यापासून दूर ठेवणे हा पहिला उपाय, क्लोरीन हा त्यानंतरचा.

शहराच्या हद्दीवरील भाग अधिक असुरक्षित का?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. जलवाहिन्या, साठवण टाक्या, शुद्धीकरण केंद्र आणि मलनिस्सारण वाहिन्या यांना वर्षे लागतात. त्या दरम्यान इमारती उभ्या राहतात, माणसे राहायला येतात आणि विहीर, बोअरवेल, टँकर, जार असे चार-पाच स्रोत एकाच सोसायटीत एकत्र येतात.

स्रोत जितके जास्त, तितकी जबाबदारी विभागली जाते. महापालिकेचे पाणी तपासले जाते, पण त्याच टाकीत दुपारी रिकामा झालेला टँकर कुठल्या विहिरीवर भरला, याची नोंद सोसायटीकडे बहुधा नसते. बोअरचे पाणी मिसळले की टाकीतील क्लोरीन आणखी विरळ होतो. जीबीएसच्या काळात महापालिकेने या भागातील खासगी आरओ केंद्रांचीही तपासणी केली आणि दूषित नमुने सापडलेली केंद्रे बंद केली. लोक ‘फिल्टरचे पाणी’ म्हणून पैसे मोजत होते, त्यातील काही पाणीही सुरक्षित नव्हते.

आरओ लावला की चिंता मिटते का?

आरओ यंत्र प्रामुख्याने विरघळलेले क्षार काढते. बोअरचे पाणी जड असेल, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर ते उपयोगाचे आहे. सह्याद्रीच्या धरणांतील पावसाचे पाणी मुळात हलके असते, त्यात टीडीएस कमीच असतो. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी आणण्याचे निर्देश सरकारला दिले होते, कारण या यंत्रांत बरेच पाणी वाया जाते.

चांगल्या स्थितीतील आरओ जंतूही अडवतो. पण यंत्रातील कार्बन फिल्टर आधी क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याला पुढे कुठलेच संरक्षण नसते. ते अस्वच्छ टाकीत किंवा जारमध्ये साठवले, तर जंतूंना मोकळे रान मिळते. २० लिटरचे सुटे जार भरणाऱ्या केंद्रांची मुख्य अडचण हीच आहे.

टीडीएस मीटरबाबतही गैरसमज आहे. विक्रेता तो पाण्यात बुडवतो आणि कमी आकडा दाखवून ‘पाणी शुद्ध’ म्हणतो. हा मीटर फक्त क्षार मोजतो. पाण्यात कोट्यवधी जीवाणू असले तरी त्याचा आकडा हलत नाही.

महापालिकेची जबाबदारी कुठे संपते, सोसायटीची कुठे सुरू होते?

महापालिकेचे पाणी सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत पडले, की पुढची जबाबदारी रहिवाशांची. ही टाकी बहुधा पार्किंगखाली असते. झाकण सैल असते, पावसाचे आणि गाड्या धुतल्याचे पाणी कडेने आत झिरपते. काही ठिकाणी ड्रेनेजचा चेंबर तिच्या अगदी जवळ असतो. पाणी तिथून वरच्या टाकीत जाते आणि उन्हात तापते. साठवण जितकी लांबते, तितका क्लोरीन उडून जातो.

वर्षातून निदान दोनदा टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुणे आवश्यक आहे. झाकण घट्ट, हवेच्या पाइपाला जाळी आणि टाकीच्या भिंतींना भेगा नाहीत याची पाहणी एवढे काम सोसायटीच्या बैठकीत दहा मिनिटांत ठरवता येते. सोसायटीने स्वतः टँकर मागवले असतील, तर प्रत्येक टँकरची क्लोरीन तपासणी करूनच पाणी टाकीत घ्यावे.

घरी काय तपासता येईल, काय करावे?

ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक ‘ओटी टेस्ट’ करतात, ती घरीही करता येते. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळी छटा म्हणजे क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर पाण्याला संरक्षण नाही. द्रावण टाकलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. ही तपासणी तीन ठिकाणी केली तर दोष कुठे आहे ते कळते : महापालिकेची जोडणी, जमिनीखालील टाकी आणि स्वयंपाकघरातील नळ. जोडणीवर क्लोरीन आहे आणि नळाला नाही, तर दोष इमारतीत. जोडणीवरच नाही, तर तक्रार महापालिकेकडे.

शंका असेल तेव्हा पाणी उकळावे. खळाळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून गार करावे आणि त्याच भांड्यात ठेवावे. बॅक्टेरिया, विषाणू आणि परजीवी अशा तिन्हींवर हा उपाय चालतो. मात्र उकळल्याने क्षार किंवा रसायने जात नाहीत. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा गिळायला त्रास जाणवला, तर थांबू नये. जीबीएसवर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू झाले तर फायदा अधिक होतो. बहुसंख्य रुग्ण बरे होतात, पण त्याला अनेक महिने लागू शकतात.

२४ तास पाणी हा उपाय आहे का?

चोवीस तास पाण्याची योजना ऐकली की ती चैन वाटते. प्रत्यक्षात ती आरोग्याची योजना आहे. पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली राहिला, तर घाण आत शिरण्याची वाट बंद होते. घरात पाणी साठवण्याची गरज कमी होते. मीटर असेल तर वापर आणि गळतीही कळते. सातारा जिल्ह्यातील मलकापूरने मीटरसह २४ तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिता येईल अशी योजना सुरू झाली. पुण्यातही समान पाणीपुरवठा योजनेतून नव्या टाक्या, वाहिन्या आणि मीटर बसवण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

अशी योजना पूर्ण व्हायला वेळ लागतो. नळाच्या टोकाचा क्लोरीन मोजून तो आकडा रोज प्रभागनिहाय जाहीर करायला मात्र नव्या वाहिन्यांची वाट पाहावी लागत नाही. धरणात किती टक्के साठा आहे, हे पावसाळ्यात रोज प्रत्येकाला ठाऊक असते. आपल्या नळाला आज क्लोरीन किती आहे, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. ज्यांना आरओ परवडत नाही आणि जे नळाला ओंजळ लावून पाणी पितात, त्यांचे आरोग्य या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून आहे.